व्यसनमुक्ती व मनोरुग्णसेवा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या कर्तृत्वाचा व गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या दुःखाविषयी आपण घराबाहेर अवाक्षरही काढीत नाही, त्याच्या उपचारांचा इतिहासही ज्ञातिबांधवांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते. कर्ता पुरुष मद्यपानाने खंगतो, सून प्रसूतीनंतर उदास होऊन बसते, मुलगा परीक्षेच्या धास्तीने अन्न टाकतो, वृद्धास आप्तांची ओळख उरत नाही. आणि सोयरिकी अडतील या भयाने हे सारे माजघरातच दडपले जाते.

या भयास इतिहास आहे. १९१२ च्या कायद्यान्वये रुग्णास वेड्यांच्या इस्पितळात दाखल करण्यास बहुधा दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. त्यामुळे आजारी माणूस अपराध्यासारखा भासे. ‘ठाण्यास धाडा’, ‘येरवड्यास पाठवा’ हे वाक्प्रचार त्याच काळाची देणगी होत. मद्यपीच्या वाट्यास तर उपदेश, आणाभाका व तिरस्कार एवढेच येई.

पुढे दृष्टी पालटू लागली. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी परस्परांच्या आधाराने सुटका साधली, आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांसमवेत त्यांच्या नातलगांस राहावयास बोलाविले. शुश्रूषा कशी करावी हे नातलग तेथे शिकले, आणि रुग्ण त्यांच्याबरोबरच घरी परतू लागले.

महाराष्ट्रात १९८० नंतर ‘गर्द’ या मादक द्रव्याने तरुणांस ग्रासले. श्री. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साह्य देऊ केले, आणि १९८६ साली येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ सुरू झाले. ज्या येरवड्याचे नाव धमकी म्हणून घेतले जाई, तेथेच लोक स्वेच्छेने जाऊ लागले! व्यसन हा आजार आहे, हे तेथील मूलसूत्र होय. घसरलेल्यास पुन्हा हात दिला जातो. व्यसनमुक्त झालेले जुने रुग्णच नव्यांची सेवा करतात. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. उपचार एकट्या व्यसनी माणसावर न होता साऱ्या घरावर होतात.

कायद्यानेही पुढे पाऊल टाकले. १९८७ च्या कायद्याने १९१२ चा कायदा रद्द झाला. २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने रुग्णास उपचाराचा व समाजात राहण्याचा हक्क दिला. २०२२ साली शासनाने ‘टेलिमानस’ सेवा सुरू केली. तिच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

मग उणे कोठे आहे? ते आपल्यातच आहे, हे आम्ही खेदाने मान्य करतो. ज्ञातीतील एक तरुण व्यसनाने गेला, तेव्हा आम्ही सांत्वनास गेलो. तो हयात असता मात्र त्याच्या दारी गेलो नाही. रुग्णाच्या घरी वेळीच जावे, कुजबुज न करता वैद्याची वाट दाखवावी, आणि आमच्या वार्षिक मेळाव्यात एक तास मनोविकारतज्ज्ञांस द्यावा, अशी कार्यकारी मंडळास व सर्व कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे.