प्रोसेसर आणि त्याची खोबण

जुन्या संगणकाची पेटी तशीच ठेवून आंतला प्रोसेसर तेवढा बदलावा, म्हणजे थोडक्या खर्चांत यंत्राला नवा जोम येईल, हा विचार घरोघर संगणक आल्यापासून लोकांच्या मनांत घोळत आलेला आहे. त्याच्या मुळाशीं एक साधा समज असतो. मदरबोर्डावर प्रोसेसर बसविण्याची जी चौकोनी खोबण असते, जिला बाजारांत सॉकेट म्हणतात, तींत जो प्रोसेसर बसेल तो चालेल, असा तो समज होय. या खोबणीचा इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाहीं. मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांच्यांत एक करार झालेला असतो. वीज किती व्होल्टांची द्यावयाची, कोणत्या पिनेनें काय वाहावयाचें, कोणत्या ठोक्यावर चालावयाचें आणि बोर्डावरील बायोसनें कोणाकोणाला ओळखावयाचें, हीं त्या कराराचीं कलमें. खोबणीचा आकार हें त्यांतील केवळ पहिलें कलम. डोळ्यांना दिसतें तेवढें मात्र तेंच.

इंटेल कंपनीचा ४८६ प्रोसेसर १९८९ सालीं निघाला. त्याला पांच व्होल्टांची वीज लागे. १९९२ सालीं त्याच कंपनीनें जुन्या यंत्रांसाठीं म्हणून ‘ओव्हरड्राइव्ह’ नांवाचा प्रोसेसर विक्रीस काढला. त्याची युक्ति मोठी सुबक होती. बाहेर बोर्डाशीं तो २५ मेगाहर्ट्झ या जुन्याच ठोक्यानें व्यवहार करी, आणि पोटांत मात्र ५० मेगाहर्ट्झनें काम उरकी. कांहीं बदल झाला आहे याचा बोर्डाला पत्ताही लागत नसे. पुढें १९९४ मध्यें डीएक्स-४ आला, त्याला ३.३ व्होल्टच पुरत. पांच व्होल्टांच्या बोर्डावर तो तसाच बसविला तर जळून जाण्याची भीति. म्हणून त्याच्या ओव्हरड्राइव्ह आवृत्तींत व्होल्ट उतरविणारें साधन प्रोसेसरच्या अंगावरच जडविलेलें असे. जुन्याशीं जुळवून घेण्याचा सारा भार येथें नव्यानें उचलला होता. असें सौजन्य पुढच्या काळांत क्वचितच दिसलें.

यानंतर आलेलें ३२१ पिनांचें ‘सॉकेट ७’ हें या इतिहासांतील मोकळ्या बाजारपेठेसारखें होतें. इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के-६ आणि सायरिक्सचा ६एक्स८६ असे एकमेकांच्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रोसेसर एकाच खोबणींत बसत. पुण्यांत जन्मलेले विनोद धाम यांचा येथें उल्लेख केलाच पाहिजे. इंटेलमध्यें पेंटियमच्या निर्मितींत त्यांचा मोठा वांटा होता. १९९५ सालीं ते नेक्सजेन कंपनींत गेले, ती कंपनी एएमडीनें घेतली, आणि १९९७ सालचा के-६ तेथूनच पुढें आला. एकाच माणसाच्या हाताखालून गेलेले दोन प्रतिस्पर्धी एकाच खोबणीवर हक्क सांगूं लागले!

परंतु या मोकळ्या बाजारांतही व्होल्टांचें कलम पाळावें लागे. १९९७ सालच्या पेंटियम एमएमएक्सला गाभ्यासाठीं २.८ आणि बाहेरच्या व्यवहारासाठीं ३.३, असे दोन निराळे दाब लागत. ज्या बोर्डावर ही दुहेरी सोय नसे तेथें तो चालत नसे. जेथें असे तेथेंही जम्पर नांवाच्या चिमुकल्या टोप्या हातानें हलवून योग्य दाब निवडावा लागे, आणि चुकीच्या जागीं बसलेली एक टोपी महागांतला प्रोसेसर गमावण्यास पुरेशी होती. त्याच सालीं इंटेलनें पेंटियम-२ साठीं लांबट फटीचा ‘स्लॉट १’ आणला. त्याचे हक्क इंटेलनें स्वतःकडे राखले आणि ती सामायिक बाजारपेठ मोडली. तेव्हांपासून इंटेल व एएमडी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्या आजतागायत वेगळ्याच आहेत.

२००४ सालीं इंटेलनें पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डावरच्या खोबणींत बसविल्या. त्या ७७५ होत्या. प्रथम तेथें पेंटियम-४ आला आणि २००६ सालीं कोअर-२ ड्युओ. दोघांची खोबण एकच. तरीही ९१५ चिपसेटाच्या बोर्डावर कोअर-२ चालत नसे, कारण चिपसेट आणि वीज पुरविणारी रचना त्याच्या मागण्या पुरवूं शकत नव्हती. ९४५ चिपसेटाच्या कांहीं बोर्डांवर तो चाले, कांहींवर नाहीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटा, वापरलेला प्रोसेसर घेऊं पाहणाऱ्यानें म्हणून केवळ ‘७७५’ हा आंकडा सांगून भागत नाहीं. बोर्डाचें पुरतें नांव आणि त्याची आवृत्ति बरोबर न्यावी लागते.

याहून बोचरें उदाहरण ११५१ स्पर्शबिंदूंच्या सॉकेटाचें. २०१५ सालीं तेथें सहाव्या पिढीचे प्रोसेसर आले, २०१७ च्या आरंभीं सातव्या पिढीचे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत आठवी पिढी आली, तिचे बिंदूही ११५१ च. पण कांहीं बिंदूंचें काम बदललेलें, आणि अधिकृतपणें तिला नवेंच बोर्ड हवें. सहा गाभ्यांना वीज अधिक लागते, असें कारण इंटेलनें दिलें. तें अगदीं खोटें नव्हतें. परंतु हौशी लोकांनीं बायोसमध्यें फेरफार करून आणि कांहीं बिंदू झांकून हे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखविले, तेव्हां तें पुरतें खरेंही नव्हतें हें उघड झालें. हा वाद हौशी मंडळींपुरताच राहिला असता. पण २०२१ सालीं आलेल्या विंडोज ११ नें, कांहीं अपवाद वगळतां, इंटेलच्या आठव्या पिढीखालचे प्रोसेसर नाकारले, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधारही थांबला. २०१७ च्या उन्हाळ्यांत सातव्या पिढीचें यंत्र घेणाऱ्याला हव्या त्या पिढीचा प्रोसेसर आपल्या खोबणींत बसतांना दिसतो, पण चालत नाहीं.

त्याच उन्हाळ्यांत एएमडीचें, ए३२० चिपसेटाचें स्वस्त बोर्ड घेणाऱ्याचें नशीब निराळें निघालें. १३३१ पिनांचें ‘एएम-४’ हें सॉकेट कंपनीनें दीर्घकाळ निभावलें. अर्थात् निव्वळ उदारपणें नव्हे. मे २०२० मध्यें, येणारी पिढी फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल असें कंपनीनें जाहीर केलें होतें. ग्राहकांनीं ओरड केल्यावर त्याच महिन्यांत ४०० मालिकेला सवलत मिळाली, आणि २०२२ सालीं ३०० मालिकेलाही. त्यामुळें बोर्ड करणाऱ्या कंपनीनें लागणारा बायोस दिला असेल, तर २०१७ च्या बोर्डावर पांच हजार मालिकेचा रायझन चालूं शकतो. तो कोणता, हें त्या कंपनीनें दिलेल्या यादींत पाहावें. तेथें प्रत्येक प्रोसेसरापुढें बायोसची आवृत्ति छापलेली असते. स्वस्त बोर्डाची वीज पुरविण्याची ताकद बेताची असते, म्हणून १०५ वॅटांच्या प्रोसेसरापेक्षां ६५ वॅटांचा निवडणें शहाणपणाचें.

या सवलतीची एक किंमत मात्र द्यावी लागली. एएम-४ च्या पुष्कळ बोर्डांवर बायोस साठविण्यास अवघी १६ मेगाबाइट जागा होती, आणि पांच वर्षांत आलेल्या साऱ्या प्रोसेसरांची ओळख तींत मावेना. नव्यांची भर घालण्यासाठीं कांहीं बोर्डांच्या बायोसमधून आरंभींच्या कांहीं प्रोसेसरांची ओळख पुसून टाकण्यांत आली. जुना प्रोसेसर बोर्डावर असतांनाच बायोस बदलावा लागतो, कारण जुना बायोस नव्याला ओळखत नाहीं. आणि अशा बोर्डावर एकदां नवा बायोस घातल्यावर त्या पुसलेल्या प्रोसेसरांपैकीं एखादा परत लावला, तर पंखा फिरतो, दिवा लागतो, आणि पडदा काळाच राहतो.