फिकट निळा कागद

साल २००८. उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात तुम्ही लेकीला शाळेतून घेऊन घरी निघाला आहात. कोपऱ्यावरच्या बंद दारावर फिकट निळा कागद चिकटवलेला दिसतो. परवान्याच्या अर्जाची सूचना निळ्याच कागदावर लावायची, असा नियम आहे. हरकतीला मुदत २८ दिवस. तुम्ही वाचता: दारू, संगीत, लॅप डान्सिंग. ‘काय लिहिलंय?’ लेक विचारते. तुम्ही तिचा हात घट्ट धरून चालू लागता.

महिन्याभराने तुम्ही नगरपालिकेच्या सभागृहात मागच्या बाकावर बसला आहात. गल्लीतल्या एक बाई उठतात. ‘मी रात्रपाळी करते. घरी जायला हाच रस्ता आहे. दारात उभे असलेले पुरुष मला न्याहाळत राहतील, त्याचं काय?’ अध्यक्ष त्यांना मध्येच थांबवतात. २००३च्या परवाना कायद्यात हरकतीला चारच आधार: गुन्हे रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव टाळणं, मुलांना अपायापासून जपणं. साध्या बारलाही हेच निकष. मग बाई गाड्यांच्या गोंगाटाबद्दल, फुटक्या बाटल्यांबद्दल बोलतात. माणसाला मनातलं गिळून भलतंच बोलायला लावणं, हा मला अन्याय वाटतो. तिथे नाचणाऱ्या मुलींबद्दल तर कुणी विचारतही नाही. अशा अनेक क्लबांत नाचायला मिळावं म्हणून मुलीच क्लबला पैसे भरतात.

परवाना मंजूर होतो. तो संपण्याची तारीखच नसते.

त्याच वर्षी जूनमध्ये डरहॅमच्या खासदार रॉबर्टा ब्लॅकमन-वुड्स हे बदलण्यासाठी संसदेत विधेयक मांडतात. फॉसेट सोसायटी आणि ‘ऑब्जेक्ट’ या संघटना मोहीम चालवतात. २००९मध्ये अशा जागांना वेगळा परवाना लागेल असा कायदा होतो, इंग्लंडमध्ये एप्रिल २०१०पासून लागू. तोही नगरपालिकेने स्वीकारला तरच. शिवाय वर्षातून अकरा वेळांपर्यंत, मध्ये महिनाभर अंतर ठेवून असे कार्यक्रम केले, तर हा परवाना लागत नाही. ही पळवाट मला आजही खुपते.

आता २०१२. सभागृह तेच, परवाना आता वर्षाचाच, आणि आज नूतनीकरणाची सुनावणी. निव्वळ नीतीचा मुद्दा अजूनही चालत नाही. पण शेजारची शाळा, चर्च, वस्तीचं स्वरूप विचारात घेता येतं. आपल्या भागात अशा जागांची योग्य संख्या शून्य, असंही नगरपालिका ठरवू शकते. लंडनच्या हॅकनीने तसं ठरवलं आहे.

त्याच बाई उठतात. ‘मी रात्रपाळी करते. घरी जायला हाच रस्ता आहे...’

अध्यक्ष मध्ये बोलत नाहीत. कारकून लिहून घेतो आहे.