'अ' तुकडीचा उंबरठा : अमेरिकन हायस्कुलातील बीजगणित-भूमितीची हकीकत

बीजगणित आणि भूमिती ही दोन भावंडे आपल्याकडे जोडीने चालतात. एकाच वर्षी दोन्हींची पुस्तके, दोन्हींचे पेपर, आणि बहुधा मास्तरही एकच. अमेरिकेत तसे नाही. तेथे नववीचे सबंध वर्ष बीजगणिताचे, दहावीचे सबंध वर्ष भूमितीचे, अकरावीत पुन्हा पुढचे बीजगणित, अशी एकावर एक पायरी असलेली शिडी आहे. ह्या शिडीला लागूनच काही निवडक मुलांसाठी एक अधिक चढा जिना केलेला असतो. त्याचे नाव ऑनर्स. त्या जिन्याशी कोणाला उभे करावयाचे आणि कोणाला परत पाठवावयाचे, ह्यावर त्या देशात गेली शंभर वर्षे वाद चालू आहे. आज त्या वादाची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. वरवर पाहता विषय शाळेच्या वेळापत्रकाचा आहे. पण आपले पोर पुढे इंजिनियर होणार की नाही हे ज्या वेळापत्रकावर ठरते, त्याला क्षुल्लक कोण म्हणेल?

आरंभ मात्र अगदी व्यवहारी होता. १८२७ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने असा कायदा केला की, ज्या गावात पाचशे कुटुंबे असतील त्या गावाने बीजगणित, भूमिती, जमीनमोजणी, जमाखर्च आणि देशाचा इतिहास शिकवू शकेल असा मास्तर नेमावा. ही यादी लक्षात घेण्यासारखी आहे. बीजगणित येथे जमाखर्चाच्या मांडीला मांडी लावून बसले आहे आणि भूमिती मोजणीदाराच्या साखळीशेजारी. बुद्धीची कसोटी वगैरे कल्पना त्यात नाही. गावाला हिशेबनीस हवा, मोजणीदार हवा, एवढाच हिशेब.

दुसरीकडे कॉलेजांचा मार्ग निराळा होता. हार्वर्डने १८२० साली प्रवेशासाठी बीजगणित मागितले आणि १८४४ साली भूमिती. त्यापूर्वी हे विषय कॉलेजात गेल्यावर शिकावयाचे असत. कॉलेजाने दार थोडे वर उचलले की खालच्या शाळेला पायरी वाढवावी लागते. जो विषय मोजणीदारासाठी होता तो अशा रीतीने प्रवेशाचा परवाना झाला. आमच्या मते पुढच्या सगळ्या भांडणाचे बीज ह्या एका बदलात आहे.

१८९२ साली हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट ह्यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची एक समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल पुढच्या वर्षी निघाला. गणिताच्या उपसमितीचे प्रमुख होते सायमन न्यूकम, ख्यातनाम ज्योतिर्विद. बीजगणित चौदाव्या वर्षाच्या सुमारास सुरू करावे, आणि सिद्धतेची भूमिती येण्यापूर्वी दहाव्या वर्षापासून मुलांच्या हातून आकृत्या काढून, मापून घ्याव्या, असे त्यांचे म्हणणे. पण त्या अहवालातील खरे धाडसाचे वाक्य निराळेच आहे. त्याचा आशय असा की, एखादा विषय जो कोणी शिकेल त्याला तो सारख्याच रीतीने शिकवावा. मूल पुढे कॉलेजात जाणार की दुकानात, हे पाहून शिकवण्यात फरक करू नये. पुढे ह्या समितीवर उमरावशाहीचा आरोप पुष्कळांनी केला. आम्हांला तो अर्धाच खरा वाटतो. हायस्कुलात त्या वेळी सबंध देशात जेमतेम दोन लाख मुले होती, हे खरे. पण त्या दोन लाखांत तरी भेद करू नका असे म्हणणारी हीच मंडळी होती.

ही दोन लाखांची संख्या टिकली नाही. १९१० साली ती नऊ लाखांवर गेली, १९५० च्या सुमारास पन्नास लाखांच्या पलीकडे. शेतकऱ्यांची, गिरणीकामगारांची, परदेशांतून आलेल्यांची मुले वर्गात बसू लागली. बीजगणितात नापास होणाऱ्यांची रांग लांबली, आणि शिक्षणशास्त्रज्ञांनी बीजगणितालाच दोष दिला. कोलंबियाचे प्राध्यापक किलपॅट्रिक ह्यांनी १९२० साली, सर्वांना हे गणित कशाला, असा सवाल टाकला. १९१० साली शंभरांतील सुमारे सत्तावन्न मुले बीजगणिताच्या वर्गात होती. १९४९ साली सत्तावीस उरली. भूमितीची एकतीसवरून तेरा. हे आकडे ऱ्हासाचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केले जातात. पण थोडा गुणाकार करून पाहावा. नऊ लाखांचे सत्तावन्न टक्के म्हणजे पाच लाखांच्या आसपास. चोपन्न लाखांचे सत्तावीस टक्के म्हणजे चौदा लाखांच्या वर. टक्का निम्म्याहून खाली आला आणि शिकणारे जवळजवळ तिप्पट झाले! शेकडेवारीचा धडा ज्यांनी मन लावून केला नाही तेच शेकडेवारीवर अधिक बोलतात, असे कधीकधी वाटते.

ह्याच काळात वर्ग फोडण्याची कल्पना आली. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी बुद्धिमापनाच्या चाचण्या वापरल्या गेल्या. त्या युद्धानंतर शाळेत शिरल्या. डेट्रॉइट शहराने १९२० साली मुलांचे तीन भाग पाडले : वरचे वीस टक्के एक्स, मधले साठ वाय, खालचे वीस झेड. आपल्याकडील 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना अधिक सांगावयास नको. ऑनर्स हे नाव मात्र ऑक्सफर्डच्या परंपरेतले. स्वार्थमोर कॉलेजात फ्रँक एडलॉट ह्यांनी १९२२ साली त्या धर्तीचा वर्ग काढला. पुढे तो शब्द हायस्कुलांतही रुळला.

१९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. १९५८ साली संरक्षणाच्या नावाने शिक्षणाचा कायदा झाला. १९५९ साली हार्वर्डचे माजी अध्यक्ष कोनंट ह्यांनी हायस्कुलांवर पुस्तक लिहिले. हुशार पंधरा टक्के मुलांनी चार वर्षे गणित घ्यावे, आणि मुलांची वाटणी सरसकट न करता विषयागणिक करावी, असे त्यांनी सुचविले. ऑनर्स वर्गाला ह्या वातावरणात प्रतिष्ठा आली. त्या वर्गाच्या अपेक्षा तरी काय? बीजगणितात वेग अधिक, तोंडी गणिते कठीण, घरचा अभ्यास भरपूर. भूमितीत फरक अधिक मूलगामी आहे. कागदावर उभी रेघ मारून डावीकडे विधान आणि उजवीकडे कारण लिहिण्याची रीत तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी रुळली. साध्या वर्गात ती मोजक्या प्रमेयांवर भागते. ऑनर्सच्या मुलाने न पाहिलेला रायडर स्वतः सोडवावा अशी अपेक्षा असते. आणि प्रवेशाला अटी : आधीच्या वर्षाचे गुण, एखादी चाचणी, शिक्षकाची शिफारस.

ही शिफारस मोठी नाजूक वस्तू आहे. गुण वहीत दिसतात. शिफारस मास्तरांच्या मनात असते. कृष्णवर्णीय मुले खालच्या तुकड्यांत साचतात हे पाहून वॉशिंग्टनमध्ये न्यायमूर्ती स्केली राइट ह्यांनी १९६७ साली तेथील वर्गवारी बेकायदा ठरविली.

आता शिडीचा हिशेब मांडू. पायऱ्या पाच : बीजगणित, भूमिती, पुढचे बीजगणित, कलनपूर्व गणित आणि कलन. हायस्कूलची वर्षे चार. तेव्हा शाळा सोडण्यापूर्वी ज्याला कलनापर्यंत पोचावयाचे त्याने पहिली पायरी आठवीतच चढली पाहिजे. म्हणजे बारावीचा निकाल सातवीत, बारा वर्षांच्या पोराच्या एका चाचणीवर लागतो! हे ज्या माणसाने अचूक हेरले तो गणिती म्हणून नव्हे, तर चळवळ्या म्हणून प्रसिद्ध होता. रॉबर्ट मोझेस. १९६१ पासून त्यांनी मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नावे मतदारयादीत घालण्यासाठी मार खाल्ला, तुरुंग सोसला. तेथे नाव नोंदवावयास आलेल्याला राज्यघटनेचे कलम वाचून त्याचा अर्थ सांगावा लागे, आणि तो बरोबर की चूक हे कारकून ठरवी. पुढे आपली मुलगी केंब्रिजच्या शाळेत आठवीत गेली आणि तेथे बीजगणितच नाही, हे पाहून १९८२ साली त्यांनी स्वतः ते शिकविण्यास घेतले. शहरातील आगगाडीने मुलांना फिरवून, स्थानकांवरून धन आणि ऋण संख्या शिकविल्या. बीजगणित हा आजचा मतदानाचा हक्क आहे, ही त्यांची भूमिका होती. तो कारकून आणि ही शिफारस ह्यांतले साम्य त्यांना दिसले, ह्यात नवल नाही.

मग दोन्ही टोके आजमावली गेली. शिकागोने १९९७ साली नववीतल्या सर्वांना बीजगणित सक्तीचे केले; नापासांची संख्या वाढली आणि गुण वाढले नाहीत. कॅलिफोर्नियाने २००८ साली आठवीतल्या प्रत्येकाची परीक्षा बीजगणितात घेण्याचे ठरविले. ते न्यायालयात अडकले. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ पासून उलट केले : आठवीत कोणालाच बीजगणित नाही, सर्वांनी नववीतच सुरू करावे. हेतू समतेचा होता. परंतु ज्यांच्या खिशात पैसा होता त्यांनी खाजगी वर्गांतून ती पायरी चढून घेतली. शेवटी २०२४ च्या फेब्रुवारीत शाळामंडळाने आठवीतले बीजगणित परत आणण्याचे ठरविले, आणि मार्चमध्ये नागरिकांनी मतपेटीतून मोठ्या बहुमताने तोच कौल दिला.

टेक्ससने तिसरी वाट काढली आहे आणि आम्हांला ती अधिक शहाणपणाची वाटते. डॅलस शहराच्या शाळांनी २०१९ साली नियम फिरविला. पूर्वी ऑनर्स वर्ग हवा असेल तर मागावा लागे. आता पात्र मुलाचे नाव आपोआप घातले जाते, नको असेल तर पालकांनी तसे कळवावे. २०२३ साली राज्यानेच कायदा केला : पाचवीच्या गणितात वरच्या चाळीस टक्क्यांत जो येईल त्याला सहावीत वरच्या वर्गात बसवावयाचे. हे मूल सरळ चालत राहिले तर आठवीत बीजगणिताशी येते. शिफारसपत्र कोणी लिहावयाचे नाही. नाव काढावयाचे तर मात्र ते पालकांनी काढावयाचे.