लॉर्ड, केरसी
लॉर्ड, केरसी : (१४ फेब्रुवारी १९३५ – १६ ऑक्टोबर २०१६). हिंदी चित्रपटसंगीतातील तालवादक, बहुवाद्यवादक व संगीत संयोजक. मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्म. वडील कावस लॉर्ड जॅझ बँडमधले ड्रमवादक. बोंगो, कोंगा यांसारखी लॅटिन अमेरिकी तालवाद्ये हिंदी गाण्यांत रुळवण्यात कावस यांचा मोठा वाटा होता. केरसी यांचे धाकटे बंधू बुर्जोर (बुजी) हेही ड्रम व व्हायब्राफोन वाजवत.

केरसी कोवळ्या वयातच तालवाद्ये घेऊन स्टुडिओत आले, पण ड्रमपाशी थांबले नाहीत. ‘हम दोनों’मध्ये (१९६१) देव आनंदच्या लायटरमधून ऐकू येणारी किणकिणती धून त्यांच्या ग्लॉकेनस्पीलची. धातूच्या पट्ट्यांवर छोट्या दांडीने हलके आघात करून हा नाद काढतात. ‘आराधना’तील (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये त्यांचे अकॉर्डियन आहे. भाता कधी दाबत, कधी ताणत काढलेले ते स्वर किशोरकुमारांच्या गळ्याला बिलगून चालतात. ते वगळले तर गाण्यातली धग निम्मी उरेल.

१९७३ मध्ये त्यांनी मिनीमूग सिंथेसायझर भारतात आणला आणि सिनेसंगीताला इलेक्ट्रॉनिक नादांची नवी वाट मिळाली. नौशाद, राहुलदेव बर्मन आदी संगीतकारांसोबत त्यांनी काम केले.

वादकांची नावे त्या काळी तबकड्यांवर क्वचितच छापली जात, हा मोठाच अन्याय होता. लॉर्ड कुटुंबावरील ‘द ह्यूमन फॅक्टर’ या रुद्रदीप भट्टाचार्जी यांच्या माहितीपटाने तो काही अंशी दूर केला. केरसी यांचे निधन मुंबईत झाले.