इकडील सर्व क्षेम

परवा रविवारी दुपारी धाकट्या भावाच्या मुलीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की रडून झालेलं आहे.

"काका, आज तो चारच मिनिटं बोलला. मी बरा आहे, तू जेवलीस का, ठेवतो. बस्स. काकू असती तर तिलाच विचारलं असतं. तुम्ही दोघं तेव्हा कसे राहिलात हो?"

तिचा एकुलता एक मुलगा अग्निवीर म्हणून बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात गेला आहे. दोन महिने झाले. आमचा थोरला १९९६ साली त्याच केंद्रात रंगरूट म्हणून गेला होता, म्हणून हा प्रश्न मला. मी फोनवर काहीतरी थातुरमातुर सांगितलं, "होईल सवय, धीर धर" वगैरे. फोन ठेवल्यावर माझीच मला लाज वाटली. चौतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला सरळ उत्तर देता येत नाही, त्याला आधी मागे जावं लागतं. तर मंडळी, आज थोडं मागे जातो. पोरी, तूही वाचशीलच.

आमच्या सातारा जिल्ह्याला रंगरूट काही नवा नाही. मराठा रेजिमेंटची सर्वात जुनी पलटण, जिला 'जंगी पलटण' म्हणतात, ती १७६८ सालची. म्हणजे पेशवाई अजून पन्नास वर्षं चालायची होती, तेव्हाची. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावापुढे तर 'मिलिटरी' असंच लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली. इंग्रज सरकारने अशा गावांतून संगमरवरी पाट्या बसवल्या. इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, असा हिशेब त्यांवर कोरलेला असतो. शाळेची सहल नेली की मी मुलांना हमखास विचारायचो, "या पाटीवर कोण नाही?" मुलं गोंधळायची. उत्तर सोपं होतं. जे गेले ते पाटीवर आहेत, जे वाट बघत बसले ते नाहीत.

तेव्हाची वाट बघणं कसं होतं? १९२२ च्या फेररचनेआधी रंगरूट थेट आपल्या पलटणीकडेच कवायत शिकायचा. त्या वर्षी मराठ्यांच्या पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या, जुन्या ११४ नंबरच्या पलटणीची प्रशिक्षणाची पलटण झाली आणि बेळगाव हे रंगरूट घडवण्याचं ठिकाण ठरलं. त्याआधी आईबापांना मुलगा नेमका कुठे आहे हेसुद्धा पत्र आल्यावरच कळायचं. नोव्हेंबर १९१४ मध्ये पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पुढे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात ही डिव्हिजन कूट या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. नेहमीचा टपालमार्ग बंद. शेवटी उपासमारीने शरणागती आली आणि सुमारे तेरा हजार लोक कैदेत गेले, त्यातले हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. इकडे जावळी-खटावच्या डोंगरात बसलेल्या आईला कूट कुठे आहे हे कोण सांगणार होतं?

आणि पत्र आलं तरी ते मोकळं नसायचं. फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासायला बूलोन इथे सेन्सॉरचं खास कार्यालय होतं. त्या पत्रांचे इंग्रजी उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यातली बहुतेक पंजाबकडची. शिपाईही काही कमी नव्हते. हिंदी शिपाई म्हणजे काळी मिरी आणि गोरा शिपाई म्हणजे लाल मिरची, अशी सांकेतिक भाषा ते वापरायचे. काळी मिरी संपत आली असं लिहिलं, की घरच्यांनी काय ते समजायचं.

पण सेन्सॉर फक्त सरकारचा असतो असं नाही. हे मला कळलं १९७२ साली.

त्या जूनमध्ये मी खटाव तालुक्यातल्या एका गावी शिक्षक म्हणून रुजू झालो. बी.ए.ची शाई वाळली नव्हती. गावात वीस-पंचवीस पोरं पलटणीत, आणि त्यांच्या आयांपैकी वाचता येणाऱ्या दोघीतिघीच. त्यामुळे शाळा सुटल्यावर माझ्या खोलीच्या ओट्यावर पत्रांची दुसरी शाळा भरायची. आलेलं पत्र वाचून दाखवायचं, मनीऑर्डरच्या तळाशी चार ओळींचा मजकूर असायचा तो वाचायचा, मग उत्तर लिहून द्यायचं. नवीन भरती झालेल्या पोरांच्या आया सर्वात जास्त यायच्या. लढाईवर गेलेल्याच्या आईपेक्षा शिकायला गेलेल्याच्या आईचा जीव जास्त वरखाली व्हायचा, हे मी तेव्हा पाहिलं. आता कारण समजतं. जुना शिपाई पलटणीचा झालेला असतो. रंगरूट अजून घरचाच असतो, आणि तो घरचा उरू नये याचीच तर तिथे मेहनत चाललेली असते.

१९७२ म्हणजे दुष्काळ, हे जुन्या लोकांना सांगायला नको. बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. हातांना फोड, घरात मिलो ज्वारी, पोरांना सुकडी. आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन मला सांगायच्या, "गुरुजी, लिवा, इकडं समदं ब्येस हाय." मी लिहायचो, 'इकडील सर्व क्षेम. तिकडील खुशाली कळवणे.' तिकडून उत्तर यायचं, 'मी खुशाल आहे. काळजी नसावी.' दोन्हीकडून कोणीच खुशाल नव्हतं, आणि दोन्हीकडची खोटी पत्रं मीच लिहीत-वाचत होतो.

एक म्हातारी मात्र वेगळी होती. तिचा धाकटा नुकताच भरती झालेला. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "गुरुजी, लिवा, पाऊस न्हाई. ढवळा इकला. इकताना तो मागं वळून बगत हुता. तुजी लई सय आली." मी म्हटलं, "आजी, पोराला काळजी लागेल." म्हातारी म्हणाली, "त्याला काळजी लागायला नगं, तर मी कोन त्याची?" मी जसंच्या तसं लिहिलं. महिन्याने त्या पोराचं पत्र आलं. अंतर्देशीय कागदाच्या सगळ्या घड्या भरून, समासातसुद्धा लिहिलेलं. पायाला फोड आलेत, उस्ताद शिव्या देतो, रात्री ढवळ्याची आठवण येते. मी वाचत होतो आणि म्हातारी रडत होती, पण चेहरा असा की पोरगं समोर येऊन बसलंय. तेवढ्या सगळ्या पत्रांत ते एकच पत्र मला खरं वाटलं होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. चोवीस वर्षांपूर्वीच ठाऊक झालं होतं. आणि तरीही १९९६ साली मी काय केलं ते आता सांगतो. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या थोरल्याने डी.एड. करावं अशी माझी इच्छा होती. तो मला न सांगता भरतीला गेला, छाती-उंची मोजून आला, आणि निवड झाल्यावर आईकरवी मला कळवलं. मी निरोप द्यायला सातारच्या स्टँडवर गेलो, पण गाडी हलेपर्यंत दोन वाक्यंही बोललो नाही. तीन आठवड्यांनी त्याचं पहिलं पत्र आलं, माझ्या नावाचं. पाय सुजलेत. पहाटे उठायचं म्हणून रात्रभर झोप लागत नाही. केस कापल्यावर आरशात स्वतःलाच ओळखलं नाही. अण्णा, मला घरी यावंसं वाटतं, आईला सांगू नका.

मी ते पत्र दोनदा वाचलं. आणि उत्तरात पहिल्या परिच्छेदात लिहिलं की माघार घेणं आपल्या घराण्यात नाही. दुसऱ्या परिच्छेदात त्याच्या पत्रातले चुकलेले सहा शब्द शुद्ध करून, एकाखाली एक, लाल शाईने लिहिले. पाहिजे, दिवस, माहिती, सुजले, परीक्षा, पुन्हा. मराठीच्या शिक्षकाच्या मुलाने असं लिहू नये, अशी तळटीप.

त्यानंतरच्या पत्रांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. दुसरंही काही नव्हतं. 'मी खुशाल आहे. प्रशिक्षण उत्तम चालू आहे. काळजी नसावी.' महिन्यामागून महिने तेच. मी सौ.ला वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, बघ, रुळला पोरगा. ती चौथी शिकलेली. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "पत्र आलंय खरं. पण त्यात पोरगं नाही आलं."

ती कशी राहिली ते मात्र मी रोज पाहत होतो. तो पाचच्या आधी उठतो असं कळल्यापासून ती साडेचारला उठायला लागली. "तो पळत असताना मी झोपू कशी?" पण रडत बसली नाही. उठून जात्यावर दळायची. गिरणी दारात असताना! मी हसायचो. आता वाटतं, त्याची कवायत बेळगावला चालली होती, हिची घरात.

२०२० साली थोरला हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि त्याची काळी ट्रंक घरी आली. सौ. २०२१ साली गेली. तिच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले होते, तेव्हा त्याने ती ट्रंक उघडली आणि एक दोरीने बांधलेला गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. तेवीस अंतर्देशीय पत्रं, सगळी १९९६-९७ ची. अक्षर शेजारच्या सातवीतल्या मुलीचं, मजकूर आमच्या सौ.चा. अख्ख्या गावाची पत्रं लिहिणारा नवरा घरात असताना तिने आपल्या मुलाला पत्रं दुसरीकडून लिहून घेतली होती, आणि मला पत्ता नव्हता.

मी ती एकेक करून वाचली. एकाही पत्रात उपदेश नाही. म्हैस व्यायली, रेडी झाली, तुझ्यावर नाव ठेवणार होते पण रेडीला तुझं नाव कसं ठेवायचं. लोणच्याला बुरशी आली. अण्णांचा चष्मा फुटला, तरी नवा करत नाहीत. रात्री तुझ्या अंथरुणावर मांजर झोपतं, मी उठवत नाही. तुझे पाय कसे आहेत, खरं सांग, खोटं लिहिलंस तर मला कळतं.

म्हणजे 'आईला सांगू नका' असं मला लिहिणाऱ्या मुलाने आईला सगळं सांगितलं होतं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "अण्णा, तुमचं पत्र आलं की बरॅकमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचो. भारी मराठी असायचं. आईचं रात्री एकट्यानं वाचायचो."

गठ्ठ्याच्या तळाशी माझं ते लाल शाईचं पत्रही होतं. फेकून का दिलं नाहीस, असं विचारायचं धाडस मला झालं नाही.

तर पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की मी काही नीट राहिलो नाही. तुझी काकू राहिली. आता सरकारी पाटीवरही थोडा बदल झाला आहे. दीक्षान्त परेडच्या दिवशी आईबापांच्या छातीवर 'गौरव पदक' लावतात. तुलाही मिळेल तेव्हा लाव, चांगलं आहे. तुझी काळजी आमच्यापेक्षा एका गोष्टीने जास्त आहे हेही मला समजतं. २०२२ पासूनच्या या योजनेत चार वर्षांनी चौघांतला एकच कायम होणार. पण ते चार वर्षांनी. आज तो रंगरूट आहे, आणि रविवारी त्याच्या हातात चार मिनिटं आहेत. रांगेत मागे दहा पोरं उभी असताना 'बरा आहे' याखेरीज तो काय बोलणार? तू त्याला 'कसा आहेस' विचारूच नकोस. तू घरातलं सांग. आणि अधूनमधून कागदावर लिही. फोन ठेवला की संपतो, कागद उशीखाली राहतो.

हे सगळं मी तिला आधी फोनवर सांगितलं, मगच इथे लिहायला बसलो. काल रविवार होता. रात्री तिचा निरोप आला. तिने या वेळी म्हणे काहीच विचारलं नाही. पाण्याची टाकी फुटून स्वयंपाकघरात तळं झालं आणि त्याचे बाबा त्यात घसरून पडले, एवढंच सांगितलं. पोरगं इतकं हसलं की दोन मिनिटं त्यातच गेली. मग आवाज खाली आणून म्हणालं, "आई, माझ्या टाचेची पार सालटं निघालीत गं."

ती म्हणाली, "काका, मला वाईट वाटायला हवं होतं ना? पण मी आज जेवले."

असो. लेख लांबला. शुद्धलेखनाच्या चुका आढळल्या तर कळवू नयेत.