जहाज सोडायचे कोणी? क्रूझ, महासाथ आणि बंदरावरचा जुना वाद

१/ १८ जून २०२१ रोजी अमेरिकेतील टॅम्पा येथील संघीय न्यायालयाने १२४ पानांचा एक निर्णय दिला. कोविडकाळात बंद पडलेली क्रूझ जहाजे पुन्हा कोणत्या आरोग्य-नियमांवर सोडायची, हा त्याचा विषय. परंतु न्यायाधीश स्टीव्हन मेरीडे यांनी त्यात थेट अठराव्या शतकापासूनच्या विलगीकरण कायद्यांचा इतिहास मांडला. पर्यटनाच्या खटल्यात हा इतिहास कशासाठी? कारण वाद मास्क आणि चाचण्यांचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी एक फार जुना प्रश्न होता : बंदराचे दार उघडायचा अधिकार कोणाचा आणि बंद दाराची किंमत कोणी मोजायची?

२/ या प्रश्नाचा आरंभ एड्रियाटिक समुद्राच्या काठी सापडतो. १३७७ मध्ये रगुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या व्यापारी नगरराज्याने प्लेगग्रस्त भागांतून येणाऱ्यांना शहराबाहेर तीस दिवस थांबवण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि ‘चाळीस’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. रगुसा व्यापारावर जगत होते. बंदर कायमचे बंद करणे त्याला परवडणारे नव्हते आणि उघडे ठेवणे धोक्याचे होते. विलगीकरण ही या दोहोंमधली तडजोड होती.

३/ एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे आली, प्रवास वेगवान झाला आणि कॉलराही त्याच वेगाने फिरू लागला. १८५१ मध्ये पॅरिस येथे पहिली आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली. बारा राष्ट्रांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधी पाठवले, एक वैद्य आणि एक मुत्सद्दी. या रचनेतच सारे आले. सागरी व्यापारात अग्रेसर असलेला ब्रिटन कडक विलगीकरणाच्या विरोधात होता, तर भूमध्य समुद्राकाठच्या राष्ट्रांचा त्यासाठी आग्रह होता. सर्वांना बांधील असा पहिला करार व्हायला १८९२ उजाडले.

४/ त्याच वर्षी हाम्बुर्गमध्ये कॉलरा पसरला आणि तेथून निघालेली जहाजे न्यूयॉर्कला पोहोचू लागली. १ सप्टेंबर १८९२ रोजी अमेरिकी सरकारने स्थलांतरितांना आणणाऱ्या जहाजांवर वीस दिवसांचे विलगीकरण लादले. भार मुख्यतः तळमजल्यावरच्या गरीब प्रवाशांवर पडला. ‘नॉर्मानिया’ जहाजावरील वरच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी मात्र फायर आयलंड येथील एक हॉटेल घेण्यात आले. तेथील रहिवाशांनी त्यांना उतरू देण्यास विरोध केला आणि अखेर राज्याला सशस्त्र दल पाठवावे लागले. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, विलगीकरणात केंद्र सरकारचा अधिकार वाढवणारा कायदा अमेरिकेत झाला.

५/ यानंतरचे मोठे प्रकरण मुंबईचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर. युरोपीय राष्ट्रे भारतीय मालावर आणि जहाजांवर निर्बंध घालू लागली. फेब्रुवारी १८९७ मध्ये खास प्लेगसाठी व्हेनिस येथे परिषद भरली आणि त्याच महिन्यात, ४ फेब्रुवारीला, भारतात साथरोग कायदा संमत झाला. या कायद्याचा पुण्यातील अंमल, रँड आणि चापेकर हा भाग महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या तपासणीचे अधिकारही या कायद्यात आहेत, हे क्वचितच सांगितले जाते.

६/ त्या वर्षी निर्बंधांचा सर्वाधिक फटका कोणाला बसला? मुंबईहून हजला निघणाऱ्या यात्रेकरूंना. त्यांची वाहतूक थांबवण्यात आली. इतर वर्षीही तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर त्यांना ऑटोमन सरकारच्या विलगीकरण केंद्रात थांबावे लागे आणि त्याचे शुल्कही त्यांच्याच माथी बसे. व्हेनिसमध्ये वैद्य बोलत होते, मुत्सद्दी बोलत होते. ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते, ते यात्रेकरू तेथे नव्हते.

७/ आता २०२०. ‘डायमंड प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज ३ फेब्रुवारीला जपानमधील योकोहामाला परतले. हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला कोविड झाल्याचे तोवर कळले होते. जहाजावर ३,७११ माणसे होती. प्रवाशांना खोल्यांत बंद केले गेले, पण त्यांचे जेवण शिजवणारे आणि ते दारापर्यंत नेणारे कर्मचारी कामावरच होते. खोल्या सामायिक, भोजनगृहही सामायिक. अखेरीस ७१२ जणांना संसर्ग झाला. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांपैकी १३२ कर्मचारी. संसर्ग न झालेल्या ११९ भारतीयांना २७ फेब्रुवारीला विमानाने दिल्लीला आणण्यात आले.

८/ मार्चमध्ये ‘झान्डाम’ या जहाजाची अवस्था त्याहून बिकट झाली. दक्षिण अमेरिकेतील बंदरांनी त्याला प्रवेश नाकारला. पनामा कालव्यातून जाण्याची परवानगीही आधी नाकारली गेली, मग मिळाली. २ एप्रिलला ते फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे लागले, तोवर जहाजावर चौघांचा मृत्यू झाला होता. रगुसाने निदान थांबण्याची जागा नेमून दिली होती. इथे थांबायचे कोठे, हेच ठरलेले नव्हते.

९/ १४ मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, नौकानयनबंदीचा आदेश काढला. तो तीनदा वाढवण्यात आला. सीडीसीच्या नोंदीनुसार १ मार्च ते २९ सप्टेंबर या काळात अमेरिकी हद्दीतील क्रूझ जहाजांवर किमान ३,६८९ कोविड किंवा कोविडसदृश रुग्ण आणि ४१ मृत्यू नोंदले गेले. उद्योगाचा सवाल होता : विमाने उडतात, हॉटेले चालू आहेत, मग बंदी फक्त जहाजांवरच का? सीडीसीचे उत्तर असे, की क्रूझ हे दाटीने वसलेले गाव असते. ‘ग्रँड प्रिन्सेस’वर एक सफर संपून दुसरी सुरू झाली तेव्हा बहुतेक कर्मचारी तेच होते आणि त्यांच्यासोबत संसर्गही पुढच्या सफरीत गेला.

१०/ प्रवासी उतरले. खलाशी, स्वयंपाकी, सफाई कामगार जहाजांवरच राहिले. त्यांना उतरवायचे तर खासगी वाहतुकीने न्यावे आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तशी लेखी हमी द्यावी, अशी सीडीसीची अट होती. खर्चाचे कारण देत कंपन्या मागे-पुढे करत राहिल्या. शिवाय अनेक देशांनी स्वतःच्या नागरिकांसाठीही सीमा मिटल्या होत्या. मायदेशी परतण्याचा खलाशांचा हक्क २००६ च्या सागरी कामगार करारात लिहिलेला आहे. तरीही हजारो जण महिनोन्‌महिने अडकले. ‘मरेला डिस्कव्हरी’वरील सुमारे १४५ भारतीय २३ एप्रिलला मुंबई बंदरात उतरू शकले, तेही त्यासाठी खास नियमावली निघाल्यानंतर. त्यांत गोव्याचे अनेक जण होते.

११/ इतरत्र प्रयोग सुरू झाले होते. नॉर्वेत २०२० च्या उन्हाळ्यातच सफरी सुरू झाल्या आणि ‘रोआल आमुंडसेन’ जहाजावर साथ पसरल्याने लगेच पुन्हा निर्बंध आले. ऑगस्टमध्ये ‘एमएससी ग्रँडिओसा’ जेनोवाहून निघाले. प्रत्येकाची चाचणी, आणि किनाऱ्यावर फिरायचे ते केवळ जहाजाच्या गटासोबतच, असा त्याचा नियम होता. नोव्हेंबरमध्ये सिंगापूरने निम्म्या क्षमतेने, कोठेही न थांबता परतणाऱ्या सफरी सुरू केल्या. साऱ्यांचा आधार एकच : चाळीस दिवस थांबवण्याऐवजी चाचणी करायची, म्हणजे वेळेच्या जागी पुरावा आणायचा.

१२/ अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांनी तज्ज्ञांचे मंडळ नेमले. माजी आरोग्यमंत्री माइक लेव्हिट आणि औषध प्रशासनाचे माजी आयुक्त स्कॉट गॉटलीब हे त्याचे सहअध्यक्ष. सप्टेंबर २०२० मध्ये मंडळाने ७४ शिफारशी दिल्या. ३० ऑक्टोबरला सीडीसीने बंदीऐवजी ‘सशर्त नौकानयन आदेश’ आणला. आधी जहाजावर प्रयोगशाळेची सोय, मग स्वयंसेवक घेऊन सराव-सफर, मग प्रमाणपत्र, आणि त्यानंतर सात दिवसांपर्यंतची सफर. शिवाय बंदर व स्थानिक आरोग्य यंत्रणेशी रुग्णांच्या उपचारांचा आणि निवाऱ्याचा लेखी करार. ‘झान्डाम’चा धडा या कलमात उतरला होता.

१३/ मात्र पुढचे कित्येक महिने तांत्रिक सूचनांची वाट पाहण्यात गेले. लस आली, तरी नियम लसीपूर्वीचेच राहिले, ही उद्योगाची तक्रार रास्त होती. अलास्काची अडचण आणखी वेगळी. १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला दोन अमेरिकी बंदरांच्या दरम्यान प्रवासी नेताना परदेशी बंदरात थांबावे लागते. कॅनडाने आपली बंदरे बंद ठेवल्याने अलास्काचा दुसरा हंगामही बुडण्याची वेळ आली. मे २०२१ मध्ये संसदेने तात्पुरती सूट देणारा कायदा केला, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली.

१४/ एप्रिल २०२१ मध्ये फ्लोरिडाने केंद्र सरकारवर खटला भरला. त्याच महिन्यात सीडीसीने सवलत दिली : ९८ टक्के कर्मचारी आणि ९५ टक्के प्रवासी लसवंत असतील, तर सराव-सफरीची गरज नाही. मे महिन्यात फ्लोरिडाने कायदा केला : ग्राहकाकडे लसीचा दाखला मागितल्यास प्रत्येक वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड. म्हणजे लवकर निघायचे तर एका सरकारपुढे लसीकरणाची टक्केवारी मांडायची, आणि ती मोजण्यासाठी दाखला मागितला तर दुसरे सरकार दंड करणार.

१५/ मेरीडे यांचा निर्णय या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. बंदरातील विलगीकरण हा अमेरिकेत परंपरेने राज्यांचा अधिकार होता. १७९६ च्या संघीय कायद्यानेही राज्यांना साहाय्य करण्यापुरतीच तरतूद केली होती. १९४४ च्या कायद्यात तपासणी, धुरी देणे, निर्जंतुकीकरण असे उपाय येतात. त्यांच्या आधारे एक संपूर्ण उद्योग महिनोन्‌महिने रोखता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. वरिष्ठ न्यायालयाने १७ जुलैला या निर्णयाला स्थगिती दिली आणि २३ जुलैला ती स्वतःच मागे घेतली. इकडे लसीच्या दाखल्यावरून नॉर्वेजियन कंपनीने फ्लोरिडाविरुद्ध दावा लावला आणि ऑगस्टमध्ये तिला अंतरिम दिलासा मिळाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला, तोवर विषय शिळा झाला होता.

१६/ न्यायालयात वाद चालू असतानाच २६ जून २०२१ रोजी ‘सेलिब्रिटी एज’ फोर्ट लॉडरडेलहून निघाले. प्रवासी घेऊन अमेरिकी बंदरातून सुटलेले ते पहिले मोठे क्रूझ जहाज. सीडीसीचा अंकुश सैल होऊनही मोठ्या कंपन्यांनी तिचे बहुतेक नियम स्वेच्छेने पाळले. ‘डायमंड प्रिन्सेस’ची पुनरावृत्ती त्यांना परवडणारी नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये आदेश संपून त्याची जागा ऐच्छिक कार्यक्रमाने घेतली आणि त्याच वर्षी १८ जुलैला तोही बंद झाला.

१७/ त्याच जानेवारीत हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरही आला. मुंबईहून गोव्याला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावरील सुमारे २,००० जणांपैकी ६६ जण बाधित आढळले. अखेर जहाज मुंबईला परतले. मुंबईतील तपासणीत आणखी रुग्ण सापडले. १२५ वर्षांनी तोच किनारा, तोच साथरोग कायदा आणि तोच प्रश्न : या माणसांची जबाबदारी कोणाची?

१८/ या वादात एका पक्षाला पूर्ण खोटे ठरवणे सोपे नाही. सीडीसीच्या अटींमागे मृतांची आकडेवारी होती. फ्लोरिडा आणि अलास्काच्या तक्रारीमागे बंदरावर पोट असलेली माणसे होती. राज्य आणि केंद्र यांच्यातील अधिकारांचा प्रश्नही न्यायालयात मांडला जाण्याजोगाच होता. पण त्या खटल्यात वादी एक राज्य होते, प्रतिवादी केंद्र सरकार आणि कंपन्यांची बाजू सर्वांना ठाऊक. सर्वांत आधी जहाजावर चढणाऱ्या आणि सर्वांत शेवटी उतरणाऱ्या खलाशांची बाजू मांडायला कोणी नव्हते. १८९७ च्या व्हेनिसमध्ये यात्रेकरूंची हीच स्थिती होती.

१९/ म्हणून पुढच्या साथीत नवी नियमावली निघेल तेव्हा मास्क, लस आणि चाचण्यांची कलमे वाचून थांबू नये. आजारी पडलेला कर्मचारी कोणत्या बंदरात उतरेल, त्याच्या उपचारांचा आणि घरी परतण्याचा खर्च कोण देईल, हे कलम त्यात आहे का, ते आधी शोधावे.