वन्संची सही

नौपाड्यातलं आमचं जुनं घर विकलं, त्या वेळी जे कळलं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. घरच्या गोष्टी चारचौघांत कशाला, असं वाटून थांबले होते. पण मागच्या महिन्यात दोघी जणींनी मला एकच प्रश्न विचारला, "नॉमिनीत नाव आहे म्हणजे घर आपलंच ना?" मग लिहायला बसलेच.

गोखले रोडच्या आतल्या गल्लीतला दोन खोल्यांचा फ्लॅट मामंजींनी 1976 साली घेतला. 1998 मध्ये ते गेले. मृत्युपत्र नव्हतं, पण सोसायटीच्या नॉमिनेशनमध्ये आमच्या ह्यांचं नाव होतं. शेअर सर्टिफिकेटवर ह्यांचं नाव चढलं आणि विषय संपला असं आम्ही धरून चाललो. 2011 मध्ये सासूबाई गेल्या. 2019 मध्ये घर विकायला काढलं. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, पण त्याचं गृहकर्ज होतं आणि बँकेच्या वकिलांनी कागद परत पाठवले. त्यांनी विचारलं, "मूळ मालकांना मुली किती? त्यांच्या सह्या कुठे आहेत?"

मुली दोन. थोरल्या वन्सं कराडला, धाकट्या डोंबिवलीत.

वकिलांनी सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. नॉमिनी हा मालक नसतो. सभासद गेल्यावर सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा, एवढ्यापुरतं ते नाव. 2016 मध्ये इंद्राणी वाही यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सोसायटीने नॉमिनीच्या नावावर सभासदत्व करावं, पण वारसांचा हक्क त्याने जात नाही. आपल्या राज्याच्या सहकारी कायद्यातही 2019 च्या दुरुस्तीने नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटलं आहे, खरे वारस ठरेपर्यंत.

ह्यांचं म्हणणं वेगळं होतं. "मुलींचा कायदा 2005 चा. बाबा 98 ला गेले, दोघींची लग्नं त्याआधीची. त्यांचा काय संबंध?" हे मी माहेरीही ऐकलं होतं आणि मलाही खरंच वाटायचं. पण 2005 ची दुरुस्ती आहे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल. महाराष्ट्राने तर तशी दुरुस्ती 1994 मध्येच केली होती, फक्त आधी लग्न झालेल्या मुली सोडून. मामंजींचा फ्लॅट त्यांच्या पगारातून घेतलेला. स्वकष्टाच्या मालमत्तेला 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो, आणि त्यात बाप मृत्युपत्राविना गेला तर बायको, मुलगा, मुलगी आणि आई असली तर आई, सगळ्यांना सारखा वाटा आहे. लग्न कधी झालं हे तिथे कुणी विचारतच नाही. म्हणजे 1998 मध्येच चौघांचे चार भाग झाले होते. सासूबाईंचा चौथा भाग 2011 मध्ये तिन्ही मुलांत वाटला गेला, आणि प्रत्येकाकडे तिसरा हिस्सा आला. घरात आम्ही राहत होतो, मेंटेनन्स आम्ही भरत होतो, आणि दोन हिस्से आमचे नव्हतेच.

तरी या कायद्यात एक खोच होती. राहत्या घरात मुलीचा वाटा असला तरी पुरुष वारस वाटणी करायचं ठरवत नाहीत तोवर तिला ती मागता येत नसे. हे कलम 2005 मध्ये काढलं. एकोणपन्नास वर्षं मुलींना कागदावर हिस्सा होता आणि मागायची सोय नव्हती.

या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात जैनांचा नावानिशी उल्लेख आहे. त्याआधी आपलं काय होतं, ही उत्सुकता मला तेव्हापासून लागली. 1873 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की वेगळी रूढी सिद्ध केली नाही तर जैनांना हिंदू कायदाच लागेल. पण रूढी सिद्ध करणारेही निघाले. 1878 मध्ये दाखो नावाच्या एका विधवेचं प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. दिल्लीकडच्या सरावगी अग्रवाल जैनांतली ही बाई. तिथल्या रूढीप्रमाणे मुलगा नसलेल्या विधवेला नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर पूर्ण हक्क मिळतो, हे कौन्सिलने मान्य केलं. त्या काळी इतर हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेचा फक्त हयातीपुरता उपभोग असे. ती मर्यादा 1956 ला गेली. पुढे 1926 मध्ये बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी भद्रबाहु संहिता, अर्हन्नीति अशा ग्रंथांच्या आधारे 'जैन लॉ' हे पुस्तक लिहिलं, आपला कायदा वेगळा आहे हे दाखवायला. आपल्या घराण्यांत विधवेला एवढा मान होता हे वाचून मला बरं वाटलं. मुलींच्या बाबतीत तसं म्हणवत नाही.

अष्टान्हिकेत सिद्धचक्र विधानाला बसलं की मैनासुंदरीची कथा होतेच. ठाण्यात तर टेंभीनाक्याच्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरामुळे श्रीपाल-मैना घरचेच वाटतात. माझं सुखदुःख बापाने दिलेलं नाही, माझ्या कर्माने आहे, असं मैना राजाला तोंडावर सांगते. लहानपणी आमच्याकडे मुलींना या कथेवरूनच सांगायचे, तुम्ही आपकर्मी, माहेरच्या वाट्याकडे बघू नका. मग मुलगा तेवढा बापकर्मी कसा, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. सांगलीकडे आमची शेती. वडील गेल्यावर तलाठ्याकडच्या कागदावर आम्ही तिघी बहिणींनी सह्या केल्या. साडीचोळी झाली, पेढे झाले. काय लिहिलंय हे मी वाचलंही नाही.

म्हणून ह्यांनी जेव्हा म्हटलं, "दोघींना बोलावून हक्कसोडपत्र करून घेऊ, चहा घेता घेता होईल," तेव्हा मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, मला ते पैसे हवेच होते. कल्याणला मोठं घर बघून ठेवलं होतं.

थोरल्या वन्सं फोनवरच तयार झाल्या. धाकट्या वन्सं आल्या, कागद हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "वहिनी, वाच गं मोठ्याने." मी वाचलं. कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कायमचा. 'स्वखुशीने'ला माझा आवाज अडला. त्या ह्यांना म्हणाल्या, "दादा, द्यायचं झालं तर देईन. पण आधी माझं होतं असं तरी म्हण." चहा निवला. महिनाभर दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

त्या महिन्यात ह्यांनी दुसराही रस्ता पाहिला, घर न विकता ते तारण ठेवून कर्ज काढायचं. मूळ कागद ठेवून कर्ज घ्यायची ही रीत 1882 च्या कायद्यातली, तेव्हा मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा व्यापारी शहरांपुरती होती. तिथेही तोच प्रश्न आला. सहमालक फक्त आपला हिस्सा तारण ठेवू शकतो आणि तिसऱ्या हिश्श्यावर कुठलीच बँक कर्ज देईना. शिवाय 2013 पासून अशा तारणाची नोटीस निबंधकाकडे द्यावी लागते, ती सर्चमध्ये दिसते. जुनं घर घेताना हे बघाच, आणि विकणाऱ्याचं कर्ज फिटलं असलं तरी बँकेचं पत्र आणि मूळ कागद हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी ह्यांनीच फोन केला. हक्कसोडपत्र झालं नाही. तिघंही विक्रेते म्हणून सहीला बसले आणि पैसे तीन ठिकाणी गेले. थोरल्या वन्संनी त्यातले निम्मे आमच्या मुलाच्या शिक्षणाला दिले, ते त्यांच्या मनाने. धाकट्या वन्संनी दिले नाहीत, आणि मला त्याचा राग आला नाही असं नाही. कल्याणचं मोठं घर राहिलं, डोंबिवलीत छोटं घेतलं. 2021 पासून एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, ती आम्हाला मिळाली नाही. आम्ही आधीच घेतलं होतं, आणि दोघांच्या नावावर.

नोंदणीच्या दिवशी निबंधकाच्या कार्यालयात दुपारपासून बसलो होतो. चतुर्दशी होती, थोरल्या वन्संचं एकासन. नंबर आला तेव्हा त्यांचा अंगठा यंत्रात उमटेना. सत्तरीच्या बाईचा हात, भांडी घासून रेषा गेलेल्या. पदराला पुसून पुसून तिसऱ्यांदा उमटला. स्क्रीनवर स्वतःचा फोटो आणि खाली विक्रेता असं लिहिलेलं त्यांनी चष्मा लावून वाचलं. साडेपाच वाजत आले होते. सूर्यास्ताआधी घरी पोचायचं म्हणून आम्ही तिघींनी एकच रिक्षा केली. धाकट्या वन्सं मध्ये बसल्या होत्या.